मंडळासाठी चित्रपट दाखवायचा आहे? आधी परवानगी, मग पडदा

रायगड जिल्ह्यात पेण-रोहा परिसरातील रामवाडीसारख्या ठिकाणी एखाद्या रविवारी सायंकाळी लोकांना एकत्र आणायचे झाले, तर चित्रपटासारखे साधन नाही. सभागृहाच्या भिंतीवर पांढरे कापड ताणायचे, प्रोजेक्टर लावायचा, सतरंज्या अंथरायच्या. आजीपासून नातवापर्यंत सारे येतात. युवक मंडळ, महिला मंडळ वा लहान ख्रिस्ती समूह असा कार्यक्रम ठरवतो तेव्हा त्यामागील हेतू चांगलाच असतो. मात्र त्या वेळी तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'डीव्हीडी आपण विकत घेतली आहे.' 'आपण तिकीट लावत नाही.' 'कार्यक्रम चर्चच्या आवारात आहे.' आम्हीही पूर्वी असेच मानत होतो. म्हणून ही तिन्ही वाक्ये आज कायद्याच्या कसोटीवर तपासून पाहू या.

विकत घेतले ते काय?

डीव्हीडी विकत घेतली म्हणजे ती तबकडी आपली झाली. चित्रपट आपला झाला नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, म्हणजेच कॉपीराइट कायद्यानुसार, चित्रपट लोकांपुढे सादर करण्याचा हक्क त्याच्या मालकाचा असतो. तबकडीच्या वेष्टनावर 'केवळ घरगुती वापरासाठी' अशी सूचना असते, ती याचसाठी. ओटीटीची वर्गणी भरली तरी तीही वैयक्तिक वापरापुरतीच असते. यूट्यूबच्या अटींमध्येही व्हिडिओ वैयक्तिक व बिगरव्यापारी वापरासाठीच पाहावेत असे म्हटले आहे. नेटफ्लिक्सने आपल्या काही निवडक माहितीपटांना एकवेळच्या शैक्षणिक खेळासाठी मुभा दिली आहे. परंतु तो अपवाद आहे, नियम नव्हे.

तिकीट नाही, म्हणजे खासगी?

या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाचा १९८९ चा निर्णय मार्गदर्शक आहे. गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात केबलद्वारे घरोघरी चित्रपट दाखवले जात होते. प्रत्येक कुटुंब आपल्या घरात बसून पाहते, मग हे सार्वजनिक कसे, असा बचाव होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. पाहणारे लोक कोण आहेत, ते जनतेचा एक भाग ठरतात काय, हा खरा प्रश्न आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. घरात बसून पाहणारेही जनतेचा भाग ठरत असतील, तर सभागृहात जमलेली पन्नास कुटुंबे एकाच घरातील माणसे कशी मानता येतील?

तिकीट नसल्याने एक फरक मात्र पडतो. हक्कभंगाला कायद्यात किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. कृत्य व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून किमान शिक्षेत सवलत देऊ शकते. सवलत मिळणे आणि निर्दोष ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चर्चचे आवार आणि कायद्यातील सवलती

कायद्याच्या ५२ व्या कलमात काही सवलती आहेत, आणि येथेच बहुधा गल्लत होते. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत, संगीत वा ध्वनिमुद्रण सादर करण्यास मुभा आहे. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नाटक करण्यासही मुभा आहे. म्हणजे आपल्या युवकांनी दुःखसहनाचे नाटक बसवले तर त्यांना ही सवलत मिळते. परंतु या दोन्ही तरतुदींत चित्रपटाचा उल्लेख नाही.

शाळेसाठी स्वतंत्र तरतूद आहे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो. प्रेक्षक मात्र विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असावे लागतात. त्याच शाळेच्या सभागृहात संपूर्ण गावाला बोलावले, की ही सवलत संपते.

तीन दरवाजे

पहिला दरवाजा मालकाचा. चित्रपटाचा मालक सामान्यतः निर्माता असतो. दिग्दर्शक वा नट ओळखीचा असला तरी त्याचा होकार पुरेसा नाही. चित्रपटाच्या आरंभी जे प्रमाणपत्र दिसते, त्यावर अर्जदाराचे व निर्मात्याचे नाव असते. शोध तेथून सुरू करावा. निर्मात्याने हक्क दुसऱ्या संस्थेला दिले असल्यास तिचे नाव विचारून घ्यावे. परवानगी लेखीच हवी, असे कायदा सांगतो. पत्राला उत्तर आले नाही, तर मौन म्हणजे संमती असे समजू नये. पत्र असे असावे:

'आमच्या मंडळाच्या सभासदांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी आपला अमुक चित्रपट अमुक तारखेस, अमुक सभागृहात एकदाच दाखवण्याची इच्छा आहे. प्रेक्षक सुमारे शंभर असतील. प्रवेश विनामूल्य असून देणगी घेतली जाणार नाही. चित्रपटाची प्रत काढली जाणार नाही. कृपया लेखी अनुमती द्यावी व शुल्क असल्यास कळवावे.'

दुसरा दरवाजा प्रमाणपत्राचा. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचे, प्रमाणपत्र लागते. परदेशी धार्मिक चित्रपट इंटरनेटवरून घेताना हे विशेष पाहावे. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे वयाचे टप्पे आले आहेत; मुलांना बसवण्यापूर्वी तेही पाहावेत.

तिसरा दरवाजा जागेचा. राज्याच्या १९५३ च्या सिनेमा नियमन कायद्यानुसार चित्रपट परवाना असलेल्या जागीच दाखवावयाचा असतो आणि जिल्ह्यात हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आहे. त्यांचे कार्यालय अलिबागला आहे. आपल्या एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी काय करावे लागेल, हे तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारावे. मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक लावायचा तर त्याची परवानगी वेगळी. रात्री दहानंतर तो बंद ठेवावा.

परवानगी मिळालीच नाही तर?

तर दुसरा चित्रपट निवडावा. चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३ सालचा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. त्यावरील हक्काची मुदत २०१३ च्या अखेरीस संपली. २०२३ मध्ये याच नावाने आलेल्या चित्रपटाला हे लागू नाही. पटकथा व गीते यांचे हक्क मात्र वेगळे असतात आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. अत्रे १९६९ साली निवर्तले, हे ध्यानात ठेवून त्याबाबत वेगळी चौकशी करावी. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि बालचित्र समितीचे चित्रपट २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहेत. तेथेही मागणीपत्र पाठवता येते.

या साऱ्याला वेळ लागतो, म्हणून कार्यक्रमाच्या दोन महिने आधी पत्र टाकावे. परवानगीचे कागद एका फाइलमध्ये ठेवून ती कार्यक्रमाच्या वेळी सभागृहात असू द्यावी. संमिश्र वस्तीच्या गावात कोणी विचारले, की काय दाखवत आहात आणि कोणाच्या अनुमतीने, तर ती फाइल उघडून दाखवता येते. शंका तेथेच मिटते आणि शेजाऱ्यालाही सतरंजीवर बसण्याचे निमंत्रण मोकळ्या मनाने देता येते.

सातवी आज्ञा आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. चोरून उतरवलेला चित्रपट त्याच मुलांना आपणच दाखवला, तर त्यांनी त्या वर्गातून काय घ्यावे? पडद्यावरची कथा ती कदाचित विसरतील. आपण केलेले विसरणार नाहीत.