विमान-प्रतिकृतीची इंधनटाकी : तिची जागा व तिचे महत्त्व

जमिनीवरून रेडिओने चालविल्या जाणाऱ्या विमान-प्रतिकृतींचा छंद आता आपल्याकडेही परिचयाचा झाला आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत तर मुलामुलींना विमान-प्रतिकृती बांधण्याचे शिक्षण मिळते. विजेच्या मोटारीवर उडणाऱ्या प्रतिकृती आज पुष्कळ दिसतात. तरी इंजिनावर चालणारे विमान स्वतः बांधण्याची हौस ओसरलेली नाही. असे विमान बांधताना पंख, शेपूट व रंगकाम यांवर महिने खर्ची पडतात, आणि इंधनाची टाकी मात्र उरल्यासुरल्या जागेत बसविली जाते. प्रस्तुत लेखात आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच की, टाकीची जागा चुकली तर उत्तम इंजिनही ऐन उड्डाणात दगा देते, आणि ती चूक इतर कोणत्याही उपायाने पुरती झाकता येत नाही.

प्रथम इंजिनाविषयी थोडेसे. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो-प्लग बाजारात आणला आणि ठिणगीसाठी बॅटरी व कॉइल यांचे ओझे विमानात वाहण्याची गरज उरली नाही. या इंजिनाचे इंधन म्हणजे मुख्यतः मेथॅनॉल. त्यात वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल व बहुधा थोडे नायट्रोमिथेन मिसळलेले असते. जुन्या स्कूटरच्या कार्बोरेटरात एक लहान वाटी असते व तरंगत्या फ्लोटमुळे तीत पेट्रोलची पातळी कायम राहते. उलटेसुलटे उडणाऱ्या विमानात अशी वाटी चालावयाची नाही. म्हणून येथे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या ओढीनेच इंधन टाकीतून नळीवाटे येते व नीडल-व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेने हवेत मिसळते. ही ओढ फार बेताची असते.

रुग्णालयात सलाईनची बाटली उंच टांगली की थेंब भरभर पडतात व खाली आणली की मंदावतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. टाकी व कार्बोरेटर यांचे नाते असेच आहे. टाकी उंच असली तर इंधन गरजेपेक्षा अधिक येते, इंजिन धूर ओकते व गुदमरते. इंजिन बंद असतानाही इंधन आत उतरून सिलिंडरात साचते. द्रव दाबला जात नसल्याने अशा वेळी प्रोपेलर जोराने फिरविल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती असते. उलट टाकी फार खाली असली तर इंधन अपुरे पडून इंजिन तापते. आणि वंगण इंधनातच असल्यामुळे नेमके त्याच वेळी तेलही कमी मिळते. पिस्टन खराब होतो तो असा.

यावरून पहिला नियम उंचीचा. टाकीची मध्यरेषा नीडल-व्हॉल्व्हच्या पातळीत, किंवा तिच्याखाली ५ ते १० मिलिमीटर असावी. टाकी भरलेली असताना इंधनाची पातळी थोडी वर व संपत आली असताना थोडी खाली राहते, आणि दोन्ही वेळचा फरक इंजिनास सोसतो. इंजिन उलटे बसविले असेल तर कार्बोरेटर खाली जातो, म्हणून टाकीही खाली न्यावी.

दुसरा नियम अंतराचा. विमानाचे नाक सरळ वर झाले की मागची टाकी ही 'खालची' टाकी होते. टाकीतील इंधन कार्बोरेटरच्या मागे १० सेंटिमीटरवर असेल तर तेवढेच वर ओढावे लागते. टाकी पंखाखाली सरकवून हे अंतर २५ सेंटिमीटर केले तर इंजिनाचे काम अडीचपट वाढते. म्हणून इंजिन ज्या फळीवर बसते तिच्या अगदी मागे टाकी असावी. सायलेन्सरातील दाब नळीने टाकीत नेल्यास पुष्कळ मदत होते. पण चुकीच्या जागेचे सर्व परिणाम त्याने जात नाहीत.

तिसरी गोष्ट बैठकीची. टाकीतील लवचीक नळीच्या टोकास पितळी वजन असते. ते ओळंब्याप्रमाणे इंधन जिकडे असेल तिकडे वळते. हे वजन मागच्या भिंतीस टेकू नये, अन्यथा ते अडकते. टाकी स्पंजमध्ये गुंडाळून बसवावी. इंजिनाच्या थरथरीने इंधनास फेस आला की नळीतून बुडबुडे जातात. तसेच विमानाचा तोल टाकी रिकामी ठेवूनच पाहावा. २४० मिलिलिटर इंधनाचे वजन सुमारे २०० ग्रॅम भरते, आणि ते उडता उडता नाकाकडून कमी होत जाऊन तोल मागे सरकतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या इंजिनांच्या कार्बोरेटरात बहुधा पडद्याचा पंप असतो, त्यामुळे त्यांची टाकी तोलाच्या बिंदूवर ठेवता येते. मात्र ग्लो-इंजिनासाठी वापरतात ती सिलिकोनची नळी पेट्रोलमध्ये फुगते व खराब होते, म्हणून पेट्रोलला चालणारीच नळी घ्यावी.

आता हे सर्व इतके महत्त्वाचे का? विमान जमीन सोडून वर चढते तेव्हा नाक वर, इंजिन पूर्ण जोरात व उंची सर्वांत कमी असते. इंधन तुटते ते बहुधा याच क्षणी. आणि परत वळण्यास उंची नसल्याने विमान कुंपणावर किंवा माणसांवर येते. म्हणून उडविण्यापूर्वी एकाने विमान प्रोपेलरच्या मागे उभे राहून घट्ट धरावे, इंजिन पूर्ण जोरात चालवावे व नाक सरळ वर करून सुमारे दहा सेकंद ऐकावे. आवाज बसला तर त्या दिवशी उड्डाण करू नये. बाकीच्यांनी, विशेषतः लहान मुलांनी, प्रोपेलरच्या रेषेत बाजूला उभे राहू नये.

नीडलचा स्क्रू पिळून जागेची चूक तात्पुरती लपते. नाक वर होताच ती पुन्हा उघडी पडते. ज्यांच्या घरी मुले असे विमान बांधीत असतील, त्या पालकांस आमची विनंती एवढीच की, रंगाचा डबा आणून देण्यापूर्वी एकदा टाकी कोठे बसविली आहे हे मुलांना अवश्य विचारावे.