विजेच्या तारेतलं इंटरनेट का अडखळतं?

स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की आतल्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडकतो. मिक्सर थांबला की सगळं पूर्ववत. इंटरनेट कंपनी म्हणते, ‘आमच्याकडून लाइन व्यवस्थित आहे.’ ते खरंच असतं. जाड भिंतींपुढे वाय-फायने हात टेकले म्हणून घरात विजेच्या तारांमधूनच इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर लावलेले असतील, तर दोष घरच्या वायरिंगमध्ये शोधावा लागतो.

या अडॅप्टरची जोडी असते. एक राउटरजवळ, दुसरा लांबच्या खोलीत. आपली वीज 50 हर्ट्झची. त्याच तारेवर ‘होमप्लग एव्ही’ प्रकारचे अडॅप्टर साधारण 2 ते 28 मेगाहर्ट्झचे संकेत सोडतात. हा पट्टा शेकडो बारीक वाहिन्यांत विभागलेला असतो. ज्या वाहिनीवर गोंगाट जास्त, तिच्यावर माहिती कमी लादली जाते. म्हणून जोडणी तुटत नाही, पण वेग कोसळतो.

हा गोंगाट येतो कुठून? मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश तांब्याच्या फिरत्या पट्ट्यांवर घासतात, ठिणग्या उडतात आणि त्यांचा खरखराट तारेत शिरतो. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइल चार्जर आणि दिव्यांचे डिमरही तेच करतात. स्पाइक गार्डची तऱ्हा वेगळी. त्यातला फिल्टर उच्च वारंवारतेचे संकेतच गिळतो.

त्यामुळे पहिला उपाय म्हणजे अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावणं. तरीही वेग मिळत नसेल, तर दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत शेजारच्या सॉकेटमध्ये लावून पाहा. तिथे वेग चांगला मिळाला, तर अडॅप्टर निर्दोष. मग एकेक उपकरण बंद करून वेग मोजत जा. प्लगमध्ये नुसता अडकवून ठेवलेला चार्जरही काढा. थ्री-फेज जोडणीच्या घरात दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील, तर संकेत फार क्षीण होऊन पोहोचतो. एकाच फेजवरचं सॉकेट कोणतं, हे वायरमन सांगू शकेल.

खोक्यावरच्या आकड्यालाही भुलू नका. तो तारेवरचा सैद्धांतिक वेग असतो आणि सगळ्या अडॅप्टरना तो वाटून घ्यावा लागतो. ‘600’ लिहिलेल्या काही अडॅप्टरचा लॅन पोर्ट 100 मेगाबिटचाच असतो. त्यापलीकडे संगणकाला काही मिळणारच नाही.

नवा अडॅप्टर घेतलाच, तर दुपारच्या शांत वेळी तपासून समाधान मानू नका. संध्याकाळी दिवे, टीव्ही, मिक्सर सगळं सुरू असताना वेग मोजा, तोही परत करण्याची मुदत संपण्याआधी.