नवा लॅपटॉप आणि डोळे

मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की सटाण्यातही आता लाखाच्या घरातला लॅपटॉप घेतला जातो. डाळिंबाचा हंगाम बरा गेला असेल तर हरकतही नसते. पालक विचारतात, याने डोळ्यांचा त्रास कमी होईल ना?

ॲपलने २०२१ मध्ये मॅकबुक प्रोला १२० हर्ट्झचा स्क्रीन दिला, २०२४ मध्ये ज्यादा पैसे मोजून चकाकी कमी करणारी काचही. खिडकीसमोर बसणाऱ्याला ती उपयोगी आहे. ओएलईडी स्क्रीनचे मात्र जपून घ्यावे. अनेक मॉडेलांत उजेड कमी केला की स्क्रीन अतिशय वेगाने उघडझाप करतो. ती दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. दुकानात उजेड कमी करून १५ मिनिटे वाचून बघा.

डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी लवल्याने. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा लवणाऱ्या पापण्या स्क्रीनसमोर ५ ते ७ वर येतात आणि अश्रूंचा थर वाळतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात, पंख्याचा झोत तोंडावर असेल तर आणखी लवकर. यावर १२० हर्ट्झचा इलाज नाही. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनीही अल्पकाळात फरक पडल्याचे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले नाही. ते पैसे वाचवा, पंख्याची दिशा बदला आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या.