विसण न लागणारं पाणी

आजोळच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. पाणी कडकडीत तापवायचं, घंगाळात काढायचं आणि वर विसण घालायचं. विसणाने उष्णता नाहीशी होत नाही, पण तिची प्रत उतरते. कडकडीत पाण्याला धगधगता जाळ लागतो. अंगाला सोसेल एवढं पाणी उन्हातही तापतं. हा फरक जपणारं गाव मी डेन्मार्कमध्ये पाहिलं.

एकाच ठिकाणी पाणी तापवून जमिनीखालच्या नळांनी घराघरांत ऊब पोचवायची, ही तिथली जुनी रीत. १९०३ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला कचरा जाळून सुरुवात झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७९ मध्ये कायदाच झाला आणि आज देशातली सुमारे दोन-तृतीयांश घरं या जाळ्यावर आहेत.

या जाळ्यातलं पाणी बरीच वर्षं ८० अंशांच्या आसपास निघे. पण नवी घरं इतकी घट्ट बांधलेली, की त्यांना ऊब थोडीच लागते. वाटेतल्या नळांतली उबेची गळती मात्र तेवढीच राहते. ८० ने निघून ४० ने परतणाऱ्या पाण्याची सरासरी ६०, ५० ने निघून २५ ने परतणाऱ्याची साडेसदतीस. भोवतालची माती ८ अंशांची धरली, तर नुसतं तापमान उतरवून चाळीस टक्क्यांहून अधिक गळती वाचते! मला हा हिशेब फार आवडतो.

आर्हुसजवळच्या लिस्ट्रुपमध्ये अशाच चाळीस जोडघरांवर हा प्रयोग झाला. तिथल्या एका आजींनी मला कपाट उघडून दाखवलं. आत पातळ, नागमोडी स्टीलच्या पत्र्यांची जुडी होती. पत्र्याच्या एका अंगाने जाळ्यातलं गरम पाणी धावतं, दुसऱ्या अंगाने पिण्याचं. भेट होते ती फक्त उष्णतेची. रेडिएटरवर हात ठेवला, तर ताप आलेल्या लेकराच्या कपाळाएवढाच ऊन.

एवढ्या मवाळ पाण्यात खरी भीती लिजिओनेलाची. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यातून साथ पसरली, त्यानंतर हा जिवाणू माहीत झाला. २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात तो फोफावतो, म्हणून टाकीतलं पाणी ६० वर ठेवावं लागतं. यावरचा उपाय मला अतिशय देखणा वाटतो: टाकीच ठेवायची नाही! नळ सोडला की पाणी त्या पत्र्यांतून जाता जाता तापतं. तापलेल्या जागेपासून तोटीपर्यंत तीन लिटरांहून कमी पाणी राहावं, असा जर्मन दंडक आहे. साचायला जागा नाही, तर जिवाणूलाही थारा नाही.

इथे मार्स्टालबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. एरो बेटावरच्या या गावाने ३३,३०० चौरस मीटर सौर पत्रे मांडलेत आणि ७५,००० घनमीटरांचं तळं खणून त्यावर उष्णतारोधक आच्छादन तरंगत ठेवलंय. उन्हाळ्याची ऊब त्यात हिवाळ्यासाठी राखतात. थंडीत तळं निवत जातं; ८० मागणाऱ्या जाळ्याला ते लवकर अपुरं पडतं, ५० वर भागवणाऱ्याला कितीतरी दिवस जास्त पुरतं.

लिस्ट्रुपहून निघताना आजींनी स्वयंपाकघरातली तोटी सोडली. मी मनात दहापर्यंत मोजेतो धार गरम झाली. त्यांनी त्याच धारेखाली दोन्ही कप विसळले; थंड पाण्याच्या तोटीला हातही लावला नाही.