कीटकनाशके व मृदेतील सूक्ष्मजीव
पिकांवर फवारलेल्या, बियाण्यास चोळलेल्या किंवा जमिनीत मिसळलेल्या कीटकनाशकांचा बराच अंश अखेरीस मृदेत पोहोचतो. मृदेतील जंतू, किरणकवके, कवके, शैवले व आदिजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करून पिकांना पोषकद्रव्ये उपलब्ध करून देतात. त्यांच्यावर होणारा कीटकनाशकांचा परिणाम म्हणूनच जमिनीच्या सुपीकतेशी निगडित आहे.

अजिंठा डोंगररांगांच्या परिसरातील काळी मृदा बेसाल्ट खडकापासून बनली असून तीत कापूस हे प्रमुख पीक आहे. २००२ मध्ये भारतात बीटी कापसास मान्यता मिळाल्यावर बोंडअळीसाठीच्या फवारण्या प्रारंभी घटल्या. परंतु मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रसशोषक किडींसाठी आणि पुढे बीटीला प्रतिकारक्षम झालेल्या गुलाबी बोंडअळीसाठी कीटकनाशकांचा वापर चालूच राहिला.

शिफारशीत मात्रेने होणारा परिणाम बहुधा तात्पुरता असतो. काही सूक्ष्मजीव मरतात. त्यांच्या अवशेषांवर इतरांची वाढ होते. त्यामुळे एकूण संख्या पूर्ववत दिसली, तरी जातींचे परस्पर प्रमाण बदललेले असू शकते. अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जंतू विशेष संवेदनशील असतात. मात्रा वाढविल्यास किंवा वारंवार दिल्यास परिणाम अधिक काळ टिकतो. काळ्या मृदेतील चिकणमातीचे कण अनेक कीटकनाशके धरून ठेवतात. त्यामुळे त्यांची विषारी क्रिया मंदावते, पण विघटनही लांबते. याउलट मॅलॅथिऑनासारखी फॉस्फरसयुक्त संयुगे अल्कधर्मी मृदेत लवकर विघटित होतात.

सूक्ष्मजीव स्वतःही कीटकनाशकांचे विघटन करतात. भारतात १९९७ मध्ये बंदी घातलेल्या बीएचसीचे अवशेष दीर्घकाळ टिकतात; त्याचे विघटन करणारा *स्फिंगोबियम इंडिकम* हा जंतू भारतातच उसाच्या मुळांलगतच्या मातीत आढळला. मात्र, एकच कीटकनाशक सतत वापरल्यास त्यावर जगणारे सूक्ष्मजीव वाढतात, ते औषध लवकर नष्ट होते व किडींचे नियंत्रण होत नाही. अशा वेळी मात्रा वाढविणे हा उपाय नव्हे.

तूर, मूग, हरभरा अशा कडधान्यांच्या बियाण्यास प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक व पेरणीपूर्वी शेवटी ऱ्हायझोबियम जंतुसंवर्धन लावतात. हा क्रम बदलल्यास नायट्रोजन स्थिर करणारे हे जंतू मरून मुळांवर गाठी कमी येतात. शेणखत व पिकांची फेरपालट यांमुळे सूक्ष्मजीवसृष्टी सावरण्यास मदत होते.