शंभर डॉलरच्या आत मिळणारी महायुद्धातली रायफल: ही स्वस्ताई आली कुठून आणि संपली का?

मार्च 1963. अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या एका माणसाने शिकागोच्या एका दुकानाकडे टपालाने ऑर्डर पाठवली. मासिकातल्या जाहिरातीचं कूपन, एक खोटं नाव आणि 21 डॉलर 45 सेंटची मनीऑर्डर, एवढंच त्या पाकिटात होतं. काही दिवसांनी त्याच्या टपालपेटीच्या पत्त्यावर पार्सल आलं. आत इटालियन सैन्याने मोडीत काढलेली, 1940 साली बनलेली कारकानो रायफल होती. वर दुर्बीणही बसवलेली होती.

तो माणूस होता ली हार्वे ओसवाल्ड. 22 नोव्हेंबर 1963 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्यावर याच रायफलमधून गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष वॉरन आयोगाने काढला.

सैन्याने टाकून दिलेल्या स्वस्त रायफलींना अमेरिकेत 'मिलिटरी सरप्लस' म्हणतात. हजारो लोक त्या आजही विकत घेतात, साफ करतात आणि शूटिंग रेंजवर चालवतात. बहुतेकांसाठी हा इतिहासाचा छंद आहे. पण हा छंद कोणत्या नियमांत बसतो, जुनी रायफल पुन्हा चालती कशी करतात आणि त्यात धोका काय असतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

रायफल इतक्या स्वस्त कशा झाल्या?

उत्तर साधं आहे. युद्धासाठी बनवलेल्या वस्तू कोटींत बनतात, आणि युद्ध संपलं की त्या कुणालाच नको असतात.

रशियाची मोसिन-नगान रायफल हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. ती 1891 मध्ये झारच्या सैन्यात दाखल झाली. 1930 मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैनिकांचं ते मुख्य हत्यार ठरलं. पाच काडतुसांची ही रायफल सव्वा मीटरच्या आसपास लांब आणि साधारण 4 किलो वजनाची. सगळे प्रकार धरून अशा सुमारे 3 कोटी 70 लाख रायफली बनल्याचा अंदाज आहे.

महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने त्या दुरुस्त केल्या, घट्ट ग्रीसमध्ये बुडवल्या आणि पुढच्या युद्धासाठी गोदामांत रचून ठेवल्या. पुढचं युद्ध त्या रायफलींनी लढायचं राहूनच गेलं. सोव्हिएत संघ 1991 मध्ये कोसळला. रशिया, युक्रेनसारख्या देशांकडे गोदामं भरलेली होती आणि तिजोऱ्या रिकाम्या. मग या रायफली पेट्यांच्या पेट्या अमेरिकेत विकल्या गेल्या. 2010 च्या आसपास तिथल्या दुकानांत मोसिन-नगान शंभर डॉलरच्या आत मिळत होती. सोबत संगीन, पट्टा आणि तेलाची डबीही.

कोण विकत घेऊ शकतं?

केनेडींच्या हत्येनंतर टपालाने बंदूक विकण्यावर वाद पेटला. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'गन कंट्रोल अ‍ॅक्ट' मंजूर झाला. टपालाने परस्पर रायफल मागवणं सामान्य माणसासाठी बंद झालं. परदेशी सैन्यांचं सरप्लस आयात करण्यावरही बंदी आली.

ही दुसरी बंदी 1984 मध्ये सैल झाली. संग्रहयोग्य जुन्या लष्करी रायफलींना पुन्हा दार उघडलं. 'क्युरिओ अँड रेलिक' या वर्गात साधारणपणे 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली शस्त्रं येतात. त्यांच्या संग्राहकांसाठी वेगळा परवाना असतो. त्याचं शुल्क तीन वर्षांसाठी 30 डॉलर. हा परवाना असलेल्याला अशी रायफल थेट घरी मागवता येते, मात्र प्रत्येक खरेदीची नोंद वहीत ठेवावी लागते. हा परवाना धंद्यासाठी नाही. परवाना नसेल तर दुकानातून, पार्श्वभूमी तपासून मगच रायफल हातात मिळते. शिवाय राज्याराज्यांचे नियम वेगळे.

अमेरिकेच्या स्वतःच्या जुन्या एम-1 गॅरंड रायफलींसाठी 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम' ही संस्था आहे. मित्रदेशांना दिलेल्या आणि परत आलेल्या रायफली ती पात्र नागरिकांना विकते.

ग्रीसचा थर आणि पहिलं काम

गोदामातून आलेली रायफल हातात घेतली की हात चिकट होतात. कॉस्मोलीन नावाचं हे पेट्रोलियमपासून बनलेलं ग्रीस लोखंडाला गंजू देत नाही. मात्र वर्षानुवर्षांनी ते मेणासारखं घट्ट होतं आणि लाकडातही मुरतं.

ते काढणं हे पहिलं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. धातूचे भाग सुटे करून मिनरल स्पिरिट किंवा रॉकेलसारख्या द्रावणाने पुसतात. लाकडी दस्त्याला ऊब द्यावी लागते. अनेक जण दस्ता काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवतात. ग्रीस पाझरून वर येतं, मग ते पुसायचं. असं बऱ्याचदा.

नवखे लोक इथे एक चूक करतात. दस्ता घासून नवा कोरा करायचा, त्यावर चकचकीत पॉलिश मारायचं. पण रायफलीवरचे शिक्के हाच तिचा जन्मदाखला असतो. कारखान्याचं चिन्ह, साल, दुरुस्तीच्या खुणा त्यातून कळतात. चौकटीत 'एसए' अशी अक्षरं दिसली तर ती रायफल कधीतरी फिनलंडच्या सैन्याकडे होती. सँडपेपर फिरवला की हे सगळं जातं, आणि किंमतही उतरते.

चालवण्याआधी काय तपासतात?

जुनी रायफल दिसायला ठणठणीत असली तरी चालवायला सुरक्षित असेलच असं नाही. म्हणून जाणकार आधी ती बंदूक दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवतात.

पहिली गोष्ट नळीची. आत ग्रीसचा गोळा किंवा जुनी अडकलेली गोळी असेल, तर पहिल्याच बाराला नळी फाटू शकते. दुसरी गोष्ट 'हेडस्पेस'. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे किती जागा उरते, ते हे माप. ही जागा जास्त असली तर काडतूस फुटून तप्त वायू चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर येऊ शकतो. ते मोजायला खास गेज मिळतात.

तिसरी गोष्ट, ती रायफल मुळात चालवायची होती का? काही रायफली फक्त कवायतीसाठी निकामी केलेल्या असतात. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यात बनलेल्या 1903 मॉडेलच्या, 8 लाखांखालच्या क्रमांकाच्या रायफलींचं पोलाद चुकीच्या तापमान प्रक्रियेमुळे ठिसूळ झालेलं असू शकतं. म्हणून त्या न चालवण्याचा सल्ला दिला जातो.

गोळी झाडल्यानंतरची खरी परीक्षा

रायफलीइतकीच तिची जुनी काडतुसंही स्वस्त होती. सीलबंद पत्र्याच्या डब्यात एकदम 440 काडतुसं यायची. पण त्यांच्या प्राइमरमध्ये, म्हणजे ठिणगी देणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. आपल्या मिठासारखाच तो हवेतला ओलावा ओढतो. दमट हवेत एकदोन दिवसांत नळीला गंज धरतो.

गंमत अशी, की तेलाने हा क्षार निघत नाही. तो विरघळतो पाण्यात. त्यामुळे रेंजवरून आल्यावर लोक नळीत गरम पाणी ओततात, ती कोरडी करतात आणि मगच तेल लावतात. लोखंडात पाणी ओतायला हात धजावत नाही, पण तेच तिला वाचवतं.

नेमबाजीतही एक गोम आहे. सोव्हिएत सैन्यात मोसिन-नगानचा नेम संगीन लावून जुळवत. संगीन काढली की गोळी वेगळीकडेच लागते. 'रायफल वाकडी आहे' अशी तक्रार करणाऱ्या अनेकांची रायफल सरळच असते.

मग स्वस्ताई का संपली?

पुरवठा आटला, आणि राजकारणाने उरलेली दारं लावली. 1994 मध्ये अमेरिकेने चिनी बंदुकांची आयात थांबवली. 2013 मध्ये ओबामा सरकारने परदेशांना दिलेली अमेरिकी लष्करी शस्त्रं खासगी खरेदीदारांसाठी परत आणण्यावर निर्बंध घातले. 2021 मध्ये, अलेक्सी नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगानंतर, रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद झाले. शंभर डॉलरची मोसिन-नगान आता कित्येक पट महाग झाली आहे.

2022 मध्ये तर युक्रेनमध्ये रशियाच्या बाजूने घाईघाईत भरती केलेल्या काहींच्या हातात हीच रायफल दिसली. सरप्लस म्हणजे कायमची निवृत्त, असं नसतं.

भारताचं काय?

या बाजारात भारतही आहे, पण विकणारा म्हणून. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या ली-एनफील्ड अमेरिकी संग्राहकांकडे आढळतात. 1962 च्या युद्धानंतर 7.62 मिमी काडतुसासाठी बनवलेली '2ए1' त्यांच्यात विशेष ओळखली जाते. काही इशापुरी रायफलींच्या दस्त्याला पुढे तार गुंडाळलेली असते. ग्रेनेड फेकण्यासाठी वापरताना लाकूड आणि नळी धरून ठेवायला ती असायची.

भारतात मात्र हा छंद जवळजवळ अशक्य आहे. .303 आणि 7.62 मिमी ही सैन्य-पोलिसांची काडतुसं असल्याने ती चालवणाऱ्या रायफली 'प्रतिबंधित बोर' मध्ये मोडतात. त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या हातात असतो. बेकायदा बाळगल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षांची कैद आहे. म्हणूनच भारतीय आयुध कारखाने नागरिकांसाठी .315 बोरची रायफल बनवतात. रचना ली-एनफील्डच्याच घराण्यातली, पण सरकारी काडतूस तिच्यात चालत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने तिथे कायदेशीर घेतलेली जुनी रायफलही तो भारतात सामानासोबत सहजासहजी आणू शकत नाही.

इथे .303 ची आठवण वेगळी आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसएमटी स्थानकावर एके-47 घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर काही पोलिसांच्या हातात हीच जुनी रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला 2020 च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. एका देशात जे रविवारच्या छंदाचं साधन, तेच दुसऱ्या देशात त्या वर्षापर्यंत ड्युटीवरचं हत्यार होतं.

त्यामुळे अशी रायफल घेणाऱ्याने किंमतीच्या आधी दोन गोष्टी बघायच्या असतात: आपला कायदा काय म्हणतो, आणि नळी आतून कशी आहे. ऐंशी वर्षं ग्रीसमध्ये पडून राहिली म्हणून रायफल खेळणं होत नाही.