सरहद्दीची नदी

धारावीत बेस्टचं ‘काळा किल्ला’ नावाचं आगार आहे. कॉलेजात असताना बसच्या पाटीवर हे नाव रोज दिसायचं आणि रोज तोच प्रश्न पडायचा, की इथे किल्ला कुठला? पुढे बऱ्याच वर्षांनी एका रविवारी उतरलो आणि विचारत विचारत गेलो. चामड्याच्या दुकानांमागची गल्ली, वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा, दोन घरांमधली जेमतेम माणूस जाईल एवढी वाट, आणि तिच्या टोकाशी एकदम काळ्या दगडांची जाडजूड भिंत. दगडांच्या सांध्यांतून झाडं उगवलेली, पायथ्याशी कचरा. भिंतीत एक कोरीव इंग्रजी शिळा आहे. मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकुमावरून 1737 साली हे बांधकाम झालं, एवढंच ती सांगते.

हा रिवाचा किल्ला. तो मिठी नदीच्या पाण्यावर नजर ठेवायला बांधला होता. आज तिथे उभं राहिलं तर चारही बाजूंना घरंच दिसतात, पाण्याचा मागमूस नाही. मिठी नदीचा मला जो नाद लागला तो त्या दिवशी, त्या भिंतीपाशी. गेलेलं पाणी कुठे गेलं, याचा शोध घेत मी पुढे कितीतरी संध्याकाळी ग्रंथालयात घालवल्या.

1737 हे साल मराठी वाचकाला परकं नाही. त्या वर्षी मार्चअखेरीस चिमाजीअप्पांची वसईची मोहीम सुरू झाली, ठाणं पडलं आणि बघता बघता साष्टी मराठ्यांच्या हाती आली. मुंबईकर इंग्रजांचा शेजारी बदलला. इतके दिवस खाडीपलीकडे दमलेले पोर्तुगीज होते, आता भगवा होता. किल्ल्याचा पाया आधी घातला गेला असेलही, पण शिळेवरचं साल आणि साष्टीच्या पाडावाचं साल एकच असणं मला योगायोग वाटत नाही. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांना मिळाला तर माहीमवर तोफा रोखल्या जातील, या धास्तीने तो पाडून टाकायला इंग्रजांनी पोर्तुगीजांना भरीला घातलं. मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी 30,000 रुपये वर्गणी काढली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतली, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. मधली सदतीस वर्षं मिठीचं मुख ही मराठे आणि इंग्रज यांच्यातली सरहद्द होती. माहीम, रिवा आणि शीव हे किल्ले त्या सरहद्दीवरच्या चौक्या.

दोन सत्तांमध्ये सरहद्द म्हणून चालेल एवढं ते पाणी होतं. मिठीला नाला म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं.

या मुखाची रचना समजून घेतली पाहिजे. नदी लहान, विहार आणि पवईच्या बाजूने उतरून सतराअठरा किलोमीटरांत माहीमच्या उपसागराला मिळणारी. तिचं खालचं अंग मात्र खाडीचं. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरायचं, कुर्ला-वांद्र्याच्या दलदलीत, तिवरांत, मिठागरांत पसरायचं आणि ओहोटीला पुन्हा बाहेर पडायचं. आत जेवढं पाणी मावेल तेवढाच ओहोटीचा जोर. हा जोरच मुखातला गाळ रोज दोनदा समुद्रात लोटत असे. भराव घातला की पाण्याची जागा जाते हे कुणालाही दिसतं. ओहोटीचा जोर कमी होतो, हे मात्र दिसत नाही. मग गाळ बसतो, पात्र उथळ होतं आणि ज्यासाठी निसर्ग एक पैसाही घेत नव्हता त्या कामासाठी कंत्राटं काढावी लागतात.

पहिला भराव रस्त्याचा. गव्हर्नर डंकनच्या कारकिर्दीत 1805 साली शीवचा बांध पुरा झाला आणि मुंबई साष्टीला जोडली गेली. 1853 ची पहिली आगगाडीही त्याच दलदलीतून भरावावरून गेली. पण सगळ्यांत मन गुंतवतो तो माहीमचा बांध. माहीम ते वांद्रे होडीने जावं लागे आणि पावसाळ्यात होड्या उलटत. कंपनी सरकार खर्चाला तयार होईना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये स्वतः दिले. अट एकच, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. 8 एप्रिल 1845 रोजी गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या हस्ते तो खुला झाला. आज लेडी जमशेटजी रोडवर गाडीत अडकून पडलेल्या किती जणांना हे नाव कुणाचं ते ठाऊक असेल? सरकारला अट घालणारी ही बाई मला फार मोठी वाटते. तिच्या बांधाने मुख आवळलं, हेही तितकंच खरं. त्याबद्दल तिला दोष देणं मला जमत नाही. त्या काळी हे गणित मांडायला सांगणारं कुणी नव्हतं.

पुढच्यांना ही सवलत देता येणार नाही. विहार (1860), तुळशी (1879) आणि पवई (1891) या तलावांनी नदीचा उगमच बदलला. शहर तहानलेलं होतं, त्यामुळे ते ठीक. विसाव्या शतकात मात्र नदीला चारही बाजूंनी घेरलं गेलं. विमानतळाच्या धावपट्टीखालून ती नेली आणि तिला काटकोनात वळणं दिली. वाहतं पाणी काटकोनात वळवलं की वेग मरतो आणि गाळ खाली बसतो. मुखाजवळ, धारावीच्या कडेला, शहराचा कचरा टाकला जात होता. तिथे आता महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. मी तिथे नेहमी जातो, झाडं सुंदर आहेत, पण पायाखाली कचऱ्याचा भराव आहे हे विसरता येत नाही. आणि मग वांद्रे-कुर्ला संकुल. 1977 साली एमएमआरडीएकडे त्याचं नियोजन सोपवलं गेलं, क्षेत्र सुमारे 370 हेक्टर. भरतीचं पाणी जिथे पसरायचं, नेमक्या त्याच दलदलीवर.

या भरावासाठी आणि त्यावरच्या इमारतींसाठी लागलेला माल आभाळातून पडला नाही. साष्टीच्या टेकड्या दगडासाठी आणि मुरुमासाठी फोडल्या गेल्या, रेती ठाणे, कल्याण, वैतरणेच्या खाड्यांतून आली. मुंब्र्याचं रेतीबंदर हे नाव उगाच पडलेलं नाही. डुबी पद्धतीत माणूस बादली घेऊन गढूळ पाण्यात बुडी मारतो, तळाची रेती भरतो आणि वर येतो. दिवसभर हेच. नंतर सक्शन पंप आले आणि एका रात्रीत ब्रासच्या ब्रास रेती उपसली जाऊ लागली. वैतरणेच्या रेल्वे पुलांचे पाय उघडे पडण्याची वेळ आली. म्हणजे एका नदीचा तळ खरवडून दुसरी बुजवली.

26 जुलै 2005 चं पुन्हा काय सांगायचं? सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला 73. शहराची गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, आणि ती क्षमता दुप्पट करा असं पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरचा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 पासून सांगत होता. दुपारी मोठी भरती. पाणी बाहेर पडायचं मुख आवळलेलं आणि आत थांबायची दलदल बुजवलेली. अनेक मुंबईकरांना आपल्या शहरात मिठी नावाची नदी आहे हे त्या रात्री कळलं.

त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. अशा अहवालाचं नशीब सगळ्यांना माहीत असतं, तरी मी तो चिकाटीने वाचला, आणि वाचकांनीही वाचावा. नदीचा गळा कुठे कुठे आवळला आहे, हे त्यात धडधडीत सापडतं. असं असूनही पूर आला की पहिलं बोट काठावरच्या झोपड्यांकडे जातं. झोपड्यांनी पात्र अडवलं हे खोटं नाही. पण धावपट्टी झोपडीवाल्याने बांधली नाही आणि 370 हेक्टरांचं संकुलही त्याने आखलं नाही. मिठीवरचं सगळ्यांत मोठं अतिक्रमण नकाशे काढून, मंजुऱ्या घेऊन आणि सरकारी शिक्क्यानिशी झालं, हे माझं ठाम मत आहे.

पुरानंतर पात्र रुंद झालं, खोल झालं, काठाला भिंती आल्या. या कामांचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण गाळ दर वर्षी परत येतो, कारण तो लोटणारी ओहोटी आपण घालवली. 2025 च्या मे महिन्यात तर हा गाळ काढण्याच्या कामातच 65 कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला.

आता धारावीचा पुनर्विकास व्हायचा आहे. तिथल्या माणसांना पक्की, कोरडी घरं मिळावीत, हे आधी. त्याबरोबर नकाशे करणाऱ्यांना एक विनंती आहे. काळ्या किल्ल्याची भिंत जपा, तिच्याभोवतीचा कचरा काढा, आणि भिंतीपासून आजच्या पाण्यापर्यंतचं अंतर टेप लावून मोजा. तो आकडा जॉन हॉर्नच्या शिळेशेजारी मराठीत कोरून लावा.